आठ माणसे, ५४४ किलो

कोशात सापडलं : मन्, हा धातू.
मन् म्हणजे विचार करणे.
त्यापासून मनु, मनुष्य,
आणि पायरीच्या दगडासारखं झिजत झिजत
आपल्या तोंडी, माणूस.

संध्याकाळी बापूंना सांगितलं.
ते मोरीपाशी मानेवरची हळद धूत होते.
ती निघत नाही, पाणी तेवढं पिवळं होतं.
"धातू?" म्हणाले, "कुठला? पितळ का लोखंड?"
मी हसले. मग वाटलं, हसायला नको होतं.

"आमच्या यार्डात येगळं हाय," ते म्हणाले.
"मण उचलतो त्यो माणूस.
चाळीस शेर पाठीवर घिऊन
फळीवरनं ट्रकात, पाय न लटपटता.
आन् जो बसून नुस्ता इचार करतो
त्याला अडत्या म्हनत्यात."

मी वहीत लिहिलं : लोकव्युत्पत्ती. चूक.
खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी डबा द्यायला गेले तर
मुकादम फोनवर होता :
"दुपारला सात माणसं लागतील. आन् चार बायका."
त्या चारांतली एक माझी आई.
हळकुंडं एकीकडं, गड्डे एकीकडं, माती तिसरीकडं,
हात न थांबवता तिनं विचारलं,
"तुज्या त्या पुस्तकात आमी कशात येतो गं?"
माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं.
डबा ठेवला आणि आले.

शिमग्याच्या आदल्या दिवशी थप्पी ढासळली.
सोळा पोती, खाली मायाप्पा.
मुकादमाच्या वहीत साताचे सहा झाले,
त्याच शाईनं, त्याच रेघेवर,
वाराईचा हिशेब पुढं चालू.

मिरजेला दवाखान्यात लिफ्टमध्ये पाटी होती :
आठ माणसे, ५४४ किलो.
बापू बराच वेळ वाचत राहिले, ओठ हलवत.
"म्हंजे एक माणूस अडुसष्ट किलो," ते म्हणाले,
"पावणेदोन मण, वर थोडं.
बघ, तुज्या कोशाला न्हाय ठावं,
लिफ्टवाल्याला ठावं हाय."
मी वहीतल्या त्या दोन रेघांबद्दल
त्यांना कधीच सांगितलं नाही.

वर व्हरांड्यात दस्तगीर मापाडी अनवाणी उभे.
घाईत चपला काट्यापाशीच राहिल्या होत्या.
"उस्ताद सांगायचे," ते पायांकडं बघत म्हणाले,
"विसरतो म्हणून इन्सान.
दुसरे उस्ताद म्हणायचे, जीव लावतो म्हणून.
खरं काय, अल्लाला माहीत. माझ्या चपला गेल्या."

मायाप्पाची बायको जतच्या पलीकडची,
मराठी तिला बाजारापुरतं.
आम्हाला बघून एवढंच म्हणाली, "नम्म मंदि."
आणि पदर तोंडावर घेतला.
बापूंना कानडी येत नाही.
त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी.
समजलंच असावं.

दारावरचा वॉचमन :
"पेशंटजवळ एकच माणूस थांबंल.
तुमी कोण त्याचे?"
भाऊ नाही, पाहुणे नाही, जात एक नाही.
बापू म्हणाले,
"मी त्याचं माणूस हाय."

त्याचं.
व्याकरणात मी पाठ केलं होतं : माणूस, पुल्लिंगी.
पाठीमागनं आई म्हणाली, "आन् मी बी.
मी बी त्याचंच माणूस."
हाताला हळद तशीच, नखांत माती.
वॉचमननं कुणालाच आत सोडलं नाही, लगेच तरी.
रजिस्टर पुढं केलं, सही म्हणून.
आईनं अंगठा टेकवला,
शाईआधी पिवळा उमटला.

रात्री खाली येताना लिफ्टमध्ये आम्ही नऊ झालो.
दार मिटेना. घंटी वाजत राहिली.
सगळे वर बघत होते, पाटीकडं.
कोण कुणाला म्हणणार?
बापूच बाहेर पडले.
"तुमी व्हा फुडं," म्हणाले,
"मी जिन्यानं येतो. मला सवय हाय."

घंटी थांबली.
मिटत्या दारातून त्यांची मान दिसली,
डावीकडं जराशी कललेली,
वर काहीच नसताना.